१६०२च्या पुढं: परभणीच्या चाचांना आभाराचं पत्र

चाचा, सलाम.

माझं नाव तुम्हाला आठवणार नाही, सेट आठवेल. २००९चा डिसेंबर, परभणीत स्टँडामागचं तुमचं रेडिओदुरुस्तीचं दुकान. भाच्यानं अमेरिकेहून आणलेला रेडिओ टॉवेलात गुंडाळून मी जिंतूरहून सकाळच्या एसटीनं आलो होतो. तक्रार विचित्र होती. हैदराबाद आकाशवाणीचं स्टेशन मिडियम वेव्हवर ७३८ किलोहर्ट्झचं, याच्यावर ७४०ला स्वच्छ लागायचं. रात्री राजकोटही १०७०वर स्वच्छ. आणि आमची घरची परभणी मात्र घोगरी, तीही दोन ठिकाणी: १३००वर घोगरी, १३१०वरही घोगरी. त्याआधी एकानं “आयसी गेली” म्हणून सातशे रुपये सांगितले होते.

तुम्ही टेस्टरसुद्धा उचलला नाही. सेल काढले, खोबणीतलं नखाएवढं बटण १०वरून ९वर सरकवलं, सेल परत घातले. १३०५. बातम्या खणखणीत! “तिकडं स्टेशनं दहा-दहाच्या अंतरानं, आपल्याकडं नऊ-नऊच्या. पायली त्यांची, मग जवारीला काय दोष?” म्हणालात आणि चहा सांगितला. पैसे घेतले नाहीत.

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण सेट दहावर ठेवला की आकडे १७१०पर्यंत पळायचे आणि नऊवर १६२०लाच संपायचे. आपली मिडियम वेव्ह १६०२ला, सोलापूर स्टेशनापाशी संपायची. त्यापुढं काय आहे हे मला ऐकायचंच होतं. अमेरिका खंडाला १६०५ ते १७०५ हा जादाचा पट्टा १९७९च्या जिनिव्हाच्या परिषदेत मिळाला, हे मी पुढं वाचलं. तुम्ही तेव्हा एवढंच विचारलंत, “तिथली स्टेशनं रात्री किती ताकदीची?” मला माहीत नव्हतं. एक किलोवॅट, तुम्हीच सांगितलंत. “आणि आपलं नागपूरचं १५६६ हजार किलोवॅटचं. आता तूच हिशोब कर.”

दुसरा कुणी असता तर महागडी एरियल गळ्यात मारली असती. तुम्ही खरं सांगितलंत, आणि तरी मला रिकाम्या हातानं धाडलं नाही. जळालेल्या मोटारीची तांब्याची तार माझ्याकडं आहे म्हटल्यावर दोन फुटी लाकडी चौकट करायला सांगितलंत, तीवर दहा-अकरा वेढे, आणि भंगारातल्या एका जुन्या सेटची गँग, म्हणजे स्टेशन लावायचा फिरता कंडेन्सर, स्वतः काढून दिलीत. सेटला तार जोडायची नाही, चौकट नुसती शेजारी उभी करायची. गँग फिरवत गेलो की एका जागी आवाज असा फुगायचा, जणू कुणी दार उघडलं. सेटच्या आत एरियलची फेराइटची कांडी असते, तिचं टोक स्टेशनाकडं केलं की तेच स्टेशन मरतं, हेही तुमचंच. परभणीला दाबून तिच्या मागं काय दडलंय ते मी त्या हिवाळ्यात शेजारच्या आकड्यांवर धुंडाळत बसलो.

पहाटे चारला उठायचो. दिवसा सूर्य आभाळातल्या खालच्या थराला विजेनं असा भारतो की लांबची मिडियम वेव्ह तिथंच गिळली जाते. रात्री तो थर विरतो आणि लाटा वरच्या थरावर आपटून शेकडो कोस लांब उतरतात. अमेरिकेत संध्याकाळ होऊन इकडं उजाडायला वेळ असेल, अशी दोन्हीकडं अंधाराची वेळ हिवाळ्यात पहाटे सापडते. त्यात गावात लोडशेडिंग. सगळे शिव्या घालायचे, मी मात्र खूश; चार्जर नाहीत, ट्यूबचे चोक नाहीत, नुसती स्वच्छ शांतता. (बायकोचं मत वेगळं होतं, ते इथं नको.)

१६२०, १६४०, १६६०, १७००: काही नाही. तुम्ही म्हणाला होतात तसंच. पण सुईच्या टोकाएवढी कुजबुज शोधायची सवय लागल्यावर खाली उतरलो की राजकोट खोलीत बसल्यासारखं वाटायचं. अरबी, सिंहली, ओळखू न येणाऱ्या भाषा. वहीत त्या हिवाळ्याची छप्पन्न पानं भरली. वही अजून आहे. चौकटीची एक बाजू उंदरांनी कुरतडली, तार शाबूत आहे.

त्या दिवशी गँगचे पैसे विचारले तर “हुरडा आण” म्हणालात. मी आणला नाही. पहिल्या वर्षी जवारी पेरलीच नव्हती, दुसऱ्या वर्षी विसरलो, मग लाज वाटू लागली. यंदा दोन एकर जवारी आहे, पुसाच्या महिन्यात कणसं भरतील. गोवऱ्याही मीच आणतो. दुकानामागं आगटी पेटवायला जागा तेवढी ठेवा.

तुमचाच,
जिंतूरचा टॉवेलवाला