‘इंडिया विन’ ही छपाईची चूक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या विद्यार्थी पुरवणीतील इंग्रजी व्याकरणाच्या सदरात ‘इंडिया विन’ हे क्रिकेटच्या बातमीचे शीर्षक अशुद्ध ठरवून तेथे ‘इंडिया विन्स’ असेच हवे, असे सांगण्यात आले आहे. खानापूर तालुक्यातील मराठी शाळांत मी अनेक वर्षे इंग्रजी शिकवले, म्हणून हा खुलासा करावासा वाटतो.

ब्रिटिश प्रघातानुसार खेळाच्या बातमीतील ‘इंडिया’ म्हणजे देश नव्हे, तर मैदानात उतरलेले खेळाडू. म्हणून क्रियापद अनेकवचनी येते आणि आपल्याकडील इंग्रजी दैनिके बहुधा हाच प्रघात पाळतात. त्याच अंकात एखाद्या करारावर सही करणारा ‘इंडिया’ मात्र देश असल्याने तेथे ‘साइन्स’ असे एकवचन दिसेल. अमेरिकेत ‘बोस्टन विन्स’ लिहितात हे खरे. पण संघाचे नावच ‘यांकीज’ असे अनेकवचनी असले, की तेही ‘विन’च लिहितात.

मुलांचा गोंधळ होतो तो मराठीमुळे, आणि तो समजण्यासारखा आहे. आपण ‘भारताने सामना जिंकला’, ‘भारताने मालिका जिंकली’ असे लिहितो. कर्त्याला ‘ने’ लागला, की क्रियापद त्याला सोडून कर्माच्या मागे जाते, त्यामुळे संघ एक की अकरा हा प्रश्नच आपल्यापुढे येत नाही.

काळाचेही तसेच आहे. २९ जून २०२४ रोजी भारताने ट्वेंटी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना ७ धावांनी जिंकला, तरी अशा विजयाच्या इंग्रजी बातमीत शीर्षक वर्तमानकाळात आणि खालचा मजकूर भूतकाळात असतो. त्यातही ‘बीट’ हे क्रियापद फसवे, कारण त्याचे दोन्ही काळांतले रूप एकच. भविष्यासाठी ‘टू’ येतो. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असल्याने ‘सुप्रीम कोर्ट टू हिअर’ म्हणजे सुनावणी अजून व्हायची आहे, हे बेळगावच्या मुलांना व्याकरणावाचूनही कळते.

सदराची कात्रणे मुले वहीत चिकटवून ठेवतात. म्हणून दुरुस्ती त्याच सदरात, त्याच जागी छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक,
खानापूर, जि. बेळगाव