जुन्या जीपला धावण्याची मुभा हवी

महोदय,

केंद्र सरकारने 2021 मध्ये 50 वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी आणली, हे स्वागतार्ह आहे. मात्र असे वाहन प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा मोजक्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. स्वातंत्र्यानंतरच्या काळात मुंबईत जुळणी होऊ लागलेल्या विलिस जीपसारख्या गाड्यांना ही मर्यादा जाचक आहे, कारण अशी गाडी उभी राहिली की खराब होते: कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकटा धरतो, ट्रान्सफर केसचे (पुढच्या व मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचे) ऑइल सील कडक होऊन तेल झिरपू लागते आणि ब्रेकचे सिलिंडर अडकतात. पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद जोडून देणारा लिव्हरही अधूनमधून वापरला तरच मोकळा राहतो, आणि तो मातीच्या रस्त्यावरच वापरायला हवा, कारण कोरड्या डांबरावर गिअरांवर ताण येतो. लो गिअरमध्ये दगडगोट्यांचा चढ सावकाश, न अडखळता चढणारी जीप पाहणे हा तर निव्वळ आनंद आहे! तेव्हा नियमातील ‘देखभाल’ या शब्दात दरमहा ठरावीक अंतराची चाचणी फेरी स्पष्टपणे समाविष्ट करावी, अशी परिवहन मंत्रालयाला विनंती आहे.

– एक जीपमालक, सातारा