फाशांचा मनोरा घरीच कर

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार. फासे सारखे टेबलाखाली जातात, म्हणून डाइस टॉवर, म्हणजे वरून टाकलेले फासे आतल्या उतारांवरून गडगडत खाली बाहेर सोडणारा मनोरा, मागवू का, असं विचारलंस. मागवू नकोस. २ मिलिमीटरचा बाइंडिंगचा पुठ्ठा, फेव्हिकॉल, कटर आणि स्टीलची पट्टी एवढ्यावर तो घरी होतो.

आतली पोकळी ८ बाय ८ सेंटिमीटर, उंची २४. बाजूच्या भिंती ८ रुंद, पण मागची-पुढची ८.४, पुठ्ठ्याची जाडी त्यात धरायची असते. पुढची भिंत खालून ५ सेंमी काप, फासे तिथून बाहेर पडतील.

सगळी कसोटी आतल्या तीन उतारांची. तिन्ही ४५ अंशांत. खालचा (८ × ११.३) मागच्या भिंतीला ८ सेंमी उंचीवर लागतो आणि पुढे तळाला टेकतो. मधला पुढच्या भिंतीला १४ वर, वरचा मागच्या भिंतीला २० वर. दोन्ही ८ × ६.४. असं केलंस की प्रत्येक टोकाशी जवळपास साडेतीन सेंमी वाट उरते. वीस बाजूंचा फासा दोन-सव्वादोन सेंमीचा, तो अडीचमधूनही एकटा निघेल. पण दोन एकदम आले की एकमेकांवर रेलून कमान धरतात आणि तिथेच अडकतात. उतार सपाट झाला तर चार बाजूंचा फासा बूड टेकून बसतोच. उतारांवर फेल्ट लावू नकोस. कापड फाशाला धरतं, तो गडगडत नाही.

दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आधी पेन्सिलीने रेघा मार, एक दुसरीच्या आरशातल्यासारखी. उतार एकाच भिंतीला चिकटव, मग मागची, मग पुढची. चौथी भिंत नुसत्या रबरबँडने धर आणि सहा-सात फासे एकदम, वीसेक वेळा टाकून बघ. अडकलं तर उताराची कड दोन-तीन मिलिमीटर छाटता येते. भिंत चिकटल्यावर हात आत जात नाही. फेव्हिकॉल पातळच लाव, नाहीतर पुठ्ठा ओल धरून वाकतो.

जर्मनीत फ्रोइट्सहाइमला १९८५ साली सापडलेला चौथ्या शतकातला रोमन मनोराही आतून असाच, तीन तिरक्या पट्ट्यांचा. त्यावर लॅटिनमध्ये ‘निर्धास्त खेळा’ असं कोरलंय, ते मला फार आवडतं.

पुढे ठेवायचा ट्रे २० बाय २०, कड निदान ३ सेंमी, तळाला फेल्ट. धातूचे फासे असतील तर फेल्टखाली योगा मॅटचा तुकडा घाल, पुठ्ठ्याला खळगे पडणार नाहीत.

तुझा,
सदा