ॲडम्सला कडेलाच उभे राहू द्या

महोदय,

अमेरिकन फुटबॉलमधला रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू) डेव्हाँटे ॲडम्स मार्च २०२५ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्स या संघाकडे गेल्याची बातमी आपल्या क्रीडापानावर वाचली. दोन वर्षांचे ४ कोटी ४० लाख डॉलर, वय ३२ आणि शेवटी ‘तो कूपर कपची जागा घेणार’ हे वाक्य. कूपर कप म्हणजे रॅम्सचा आधीचा रिसीव्हर. मराठी दैनिकात अमेरिकन फुटबॉलला जागा मिळाली याचा मला मनापासून आनंद झाला. ते शेवटचे वाक्य मात्र पटले नाही. रॅम्स २०१६ मध्ये सेंट लुईसहून लॉस एंजेलिसला परतले तेव्हापासून मी त्यांचे सामने पाहतो आहे, म्हणून चार शब्द लिहितो.

कूपर कप आतल्या बाजूला, चेंडूच्या जवळ उभा राहायचा. झेल घ्यायचाच, शिवाय धावणाऱ्या खेळाडूला वाट मिळावी म्हणून स्वतःपेक्षा धिप्पाड बचावपटूंना अंगावर घ्यायचा. प्रशिक्षक शॉन मॅक्व्हे यांची रचनाच तशी आहे. रिसीव्हर आत गोळा करायचे, म्हणजे चेंडू फेकला जाणार की कोणी घेऊन धावणार हे समोरच्याला शेवटपर्यंत कळत नाही. २०२१ मधले कूपर कपचे १४५ झेल आणि १,९४७ यार्ड (झेलांतून चेंडू पुढे नेलेले अंतर) याच रचनेतून आले.

ॲडम्सचा खेळ कडेचा. सीमारेषेजवळ तो एकटा, समोर एकच बचावपटू. कबड्डीत चढाईपटू नुसत्या पायाने हूल देतो आणि कोपरारक्षकाचा तोल जातो, तसे ॲडम्सचे पहिले दोन पाय असतात. बचावपटू एकीकडे वळला की हा दुसरीकडून निसटलेला असतो. त्याला आत ओढून धक्काबुक्कीला लावले, तर हे पाय वाया जातील. आतले काम रॅम्सचाच दुसरा रिसीव्हर पुका नाकुआ याला द्यावे. तो तगडा आहे, अंगावर घ्यायला कचरत नाही आणि झेल घेतल्यावर दोघातिघांना ओढत पुढे जातो. कूपर कपची जागा कोणी घ्यायचीच असेल तर ती नाकुआने घ्यावी. नाकुआची कडेची जागा ॲडम्सला मिळावी.

नव्या संघाची भाषा त्याला या वयात जमेल का, अशी शंकाही त्या बातमीत होती. मला ती चिंता वाटत नाही. ॲडम्सच्या ग्रीन बे पॅकर्स या जुन्या संघाचे प्रशिक्षक मॅट लाफ्लूर २०१७ मध्ये रॅम्समध्ये मॅक्व्हे यांच्याच हाताखाली आक्रमणाचे समन्वयक होते. त्यांच्या रचनेचे मूळ तेच. त्यांच्याकडे ॲडम्सने २०२० मध्ये १८ टचडाउन केले (म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेला) आणि २०२१ मध्ये १२३ झेल घेतले. लाफ्लूर यांनी ती रचना ॲडम्ससाठी वाकवली होती. बऱ्याचदा ते बाकीचे रिसीव्हर एका बाजूला ठेवत आणि दुसरी अख्खी बाजू याला मोकळी देत. मॅक्व्हे यांनीही एवढे करावे. २०२४ च्या मोसमात दोन संघांत फिरूनही त्याने १,०६३ यार्ड काढले. एक हजारापुढचा हा त्याचा सलग पाचवा मोसम.

रॅम्ससाठी चेंडू फेकणाऱ्या मॅथ्यू स्टॅफर्डबद्दल तर मला तिळमात्र शंका नाही. एका मोसमात रिसीव्हरने काढलेल्या सर्वाधिक यार्डांचे पहिले दोन आकडे आहेत कॅल्व्हिन जॉन्सनचे १,९६४ आणि कूपर कपचे १,९४७. दोन्ही वेळा चेंडू स्टॅफर्डच्याच हातातून सुटत होता, संघ मात्र वेगळे आणि दोघांचा खेळही पूर्ण वेगळा.

मला ॲडम्स का हवा होता, ते जानेवारी २०२५ मधल्या फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यामुळे. बर्फ पडत होता, रॅम्स २२-२८ असे मागे होते, शेवटची दोनेक मिनिटे, आणि ते ईगल्सच्या गोलरेषेपासून १३ यार्डांवर येऊन ठेपले. तिथे ईगल्सचा बचावपटू जेलन कार्टर याने स्टॅफर्डला पाडले, पुढचा चेंडू जमिनीवर पडला आणि मोसम संपला. तो दिवस अजून डोळ्यांपुढून जात नाही. गोलरेषेजवळ मैदान आखूड होते, पळायला जागा उरत नाही. तिथे वेगापेक्षा त्या पहिल्या दोन पावलांना किंमत येते. नाकुआने २०२४ च्या मोसमात ७९ झेल घेतले, पण त्यात टचडाउन फक्त ३. ही उणीव ॲडम्स भरून काढू शकतो, मग त्याचे एकूण यार्ड पूर्वीपेक्षा कमी झाले तरी चालतील.

कूपर कप आता सिअ‍ॅटल सीहॉक्सकडे गेला आहे, म्हणजे रॅम्सच्याच गटात. हे दोन संघ मोसमात दोनदा भिडतील. त्या सामन्यांची बातमी देताना ॲडम्सच्या झेलांच्या आकड्यासोबत तो मैदानात कुठे उभा होता, तेही एका ओळीत छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, लॉस एंजेलिस