धुळ्याच्या सर्जन मित्रास, मनापासून

प्रिय मित्रा,

हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहितोय, कारण आपल्या सर्जन लोकांत अशी मदत कुणी मागत नाही.

चार महिने, दर गुरुवारी, तू स्वतःची ओपीडी बंद ठेवून पारोळा-एरंडोलमार्गे जळगावला आलास आणि पेशंटची परवानगी घेऊन माझ्या केबिनमध्ये कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलास. मी पेशंटशी बोलतो कसा, एवढंच बघायला.

चोपड्याकडच्या त्या मावशी मला विसरता येत नाहीत. पित्ताशयात खडे होते. मी सोनोग्राफी दाखवली, दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलं, "समजलं ना?" विचारलं. त्यांनी मान डोलावली, मी पुढचा केसपेपर ओढला. तू बाहेर जाऊन बाकावर त्यांच्याशेजारी बसलास. "मावशी, डॉक्टरनी काय सांगं?" त्या म्हणाल्या, "खडा काढतीन, पिशवी तठेच राही." पित्ताची पिशवीच काढायची होती, मित्रा! आणि मी त्यांची सही घ्यायला निघालो होतो.

त्या संध्याकाळी तू वही पुढे केलीस. मी मावशींचं बोलणं अकराव्या सेकंदाला तोडलं होतं. डॉक्टर पेशंटला सरासरी 18 सेकंदांत थांबवतात, हे 1984 सालच्या अमेरिकेतल्या अभ्यासात मी कधीचंच वाचलं होतं. ते मला इतरांबद्दलचं वाटायचं. 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवाद शिकवतात. आपण मात्र सीनियरांना बघून शिकलो, त्यांच्या घाईसकट.

तू मार्क दिले नाहीस, एका वेळी एकच गोष्ट सांगितलीस. आधी "समजलं ना?" बंद. त्याऐवजी "घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?" मग केसपेपरच्या मागे पेनाने पिशवीचं चित्र. मग नुसतं गप्प बसणं, आणि तेच सगळ्यात जड गेलं.

परवा रावेरचे एक शेतकरी हर्नियासाठी आले. मी गप्प राहिलो, तेव्हा कुठे ते म्हणाले, "केळी कापणीला आलीय, घड उचलणारा घरात मी एकटाच." पूर्वी मी तारीख देऊन मोकळा झालो असतो. या वेळी दुखणं वाढलं, गाठ आत जाईना तर थांबायचं नाही, हे त्यांच्याच तोंडून म्हणवून घेतलं, घड उचलायला माणूस लावायला सांगितलं आणि कापणीनंतरची तारीख ठरवली.

तुझे उपकार मोठे आहेत. येत्या गुरुवारी मी धुळ्याला येतोय, तुझ्या केबिनमध्ये एक स्टूल ठेव.

तुझा,
जळगावचा सर्जन मित्र