‘सेल’चा बोर्ड मीच रंगवला होता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी शेवटच्या पानावर आपण सेलूच्या एका कापड दुकानाच्या बोर्डाचा फोटो छापला. मान्सून सेलचा बोर्ड, पण इंग्रजीत एस-ए-एल-ई पाहिजे तिथं एस-ई-डबल एल. खाली आपली ओळ होती, ‘दुकानच विकायला काढलं का?’ तो बोर्ड मी रंगवला. एकतीस वर्षं झाली या धंद्यात. फ्लेक्स आल्यापासून ब्रश हातात घ्यायची वेळ महिन्यातून चार-दोनदाच येते, आणि त्यात हे असं.

चूक झाली, कबूल. सकाळीच दुकानदाराचा फोन, ‘पेंटर, पोरं फोटो काढून हसायलेत, लवकर या.’ गेलो. मधला ई आणि शेवटचा एल खरवडायला घेतला, तर खालचा पिवळा रंगही पत्र्यापासून सुटून वर आला. अर्धा बोर्ड नव्यानं मारला. पैसे घेतले नाहीत.

पण जरा ऐका. ऑर्डर फोनवर आली होती. तो म्हणाला सेल, मी ऐकलं सेल, मारलं सेल. आपल्या त्याच अंकात पोलिसांचा ‘सायबर सेल’ आहे, मोबाइलचा ‘सेल’ आहे, आणि माझ्या भिंतीवरच्या घड्याळात टाकतो तोही सेलच. मराठीत सगळे एकाच दोन अक्षरांत बसतात. आमच्या तर गावाचंच नाव सेलू, आता काय करावं!

मुलगी संभाजीनगरला विद्यापीठात इंग्रजीत एमए करते. तिला फोटो पाठवला. वाटलं, चिडेल. तिनं उलट मलाच कामाला लावलं. म्हणाली, ‘बाबा, ल म्हणा आणि जीभ कुठं जाते ते बघा.’ आपल्या ‘ल’ला जिभेचं टोक वर टेकतं, मागचा भाग खाली निवांत. आयर्लंडच्या जुन्या बोलण्यातही असंच. पण इंग्लंड-अमेरिकेत शब्दाच्या शेवटी ल आला की जिभेचा मागचा भागही पडजिभेकडे उचलला जातो, आणि त्या ओढीत आधीचा स्वर सापडतो. ‘फील’ म्हणताना जीभ पुढून एकदम मागं जाते, मधे बारीक ‘अ’ शिरतो, ‘फीअल’. मला हे लगेच पटलं. ओल्या अक्षराला खेटून दुसरं अक्षर मारलं की एकाचा रंग दुसऱ्यात उतरतो, तसंच.

मग गावोगावी रंग वेगवेगळा उतरतो. लंडनच्या साध्या माणसाच्या तोंडी दुधाच्या शब्दातला ल पार विरघळतो, ‘मिऊक’ ऐकू येतं. मेलबर्नचे पुष्कळ लोक स्वतःच्या शहराला ‘मॅलबर्न’ म्हणतात, आणि त्यांचा पगार नि सेलरीची भाजी कानाला एकच. विल्यम लबॉव नावाचे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००६ साली उत्तर अमेरिकेच्या बोलण्याचे नकाशे छापले. त्यात पिट्सबर्गच्या बाजूला ओढण्याचा ‘पुल’ आणि पोहण्याचा ‘पूल’ एक झालेला दिसतो. युटा राज्यात तर थेट माझेच दोन शब्द, विकणं आणि सेल, बऱ्याच जणांच्या तोंडी जवळजवळ एक होतात. यंत्रावर मोजलं तर थोडा फरक निघतो, पण बोलणाऱ्यालाच तो ऐकू येत नाही म्हणे. त्यांच्या पेंटरचं कसं होत असेल?

इथं मी खूश होऊन ‘मग मी युटाचाच’ म्हणालो, तर पोरीनं थांबवलं. त्यांच्यात हे ‘ल’मुळं होतं, आपल्यात ‘ए’मुळं. इंग्रजीत विकण्यातला ए आखूड, सेलमधला लांबून शेवटी ‘इ’कडं वळणारा. मराठीत आखूड ए, लांब ए असा भेदच नाही. म्हणून आपण लिहायचा पेन आणि दुखण्याचा पेनही एकच म्हणतो, तिथं कुठं ल आहे? माझा आधार तिनंच काढून घेतला, पण खरं ते खरं.

एक गोष्ट मात्र तिनं माझ्या बाजूनं सांगितली. माझे उस्ताद निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले. उर्दूत हॉल हा ‘हाल’ असाच लिहितात, म्हणून त्यांनी मलाही ‘हाल’च शिकवलं. मंगल कार्यालयांचे कितीतरी ‘हाल’ मी मारले आणि त्यावरही लोक हसले. तर इंग्रजीतही तिथं स्पेलिंगमध्ये ए आहे, ओ नाही. बॉल, हॉल, कॉल या शब्दांत पूर्वी ‘आ’च्या जवळचा स्वर होता. पुढच्या ‘ल’नं तो हळूहळू ‘ऑ’कडं ओढला. स्पेलिंग जुनंच राहिलं. ‘वॉक’ आणि ‘टॉक’मध्ये तर ओढून झाल्यावर ल स्वतःच पळाला, नुसता कागदावर उरला. आमचे उस्ताद हे ऐकायला असते तर त्यांनी त्या दिवशी दुकान लवकर बंद करून चहा पाजला असता.

दुरुस्त बोर्डाचा फोटो सोबत पाठवतो आहे. नव्या ए-ला लाल शेड जरा जास्तच दिली आहे. पहिला फोटो आपण तीन कॉलम छापला होता. हा एक कॉलम छापला तरी चालेल.

आपला,
एक बोर्ड पेंटर, सेलू (जि. परभणी)