नाना, घाई नही शे

प्रिय भाऊ,

हे पत्र तुमच्या हातात द्यायचं मी दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा पिशवीतून तसंच घरी आणलं. तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही "त्यात काय ताई" म्हणता आणि वाचनालयाच्या रजिस्टरात डोकं घालता. म्हणून चारचौघांत लिहिते. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. अमळनेरात ज्यांची वाचनालयात ये-जा आहे त्यांना हे कोणाबद्दल आहे ते कळेलच. वयानं तुम्ही माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण भाऊच म्हणते.

२०२४च्या फेब्रुवारीत साहित्य संमेलन आपल्या गावात भरलं, तेव्हा माझे वडील, नाना, तिन्ही दिवस मांडवात होते. त्याच वर्षी श्रावणात, कानबाईच्या सणाच्या रोटांची तयारी चालू असताना, त्यांचा उजवा हात पडला आणि वाचा गेली. ज्या माणसानं हौशी नाटकांत चाळीस वर्षं इतरांना संवाद पाठ करून दिले, त्याच्या तोंडून "पाणी" निघेना.

पुढचं सगळं सांगत बसत नाही. पण काही वाक्यं माझ्या कानातून जात नाहीत. एका मोठ्या दवाखान्यात, नानांच्या उशाशी उभं राहून, "आता यांना फारसं काही कळत नाही" असं मला सांगितलं गेलं. नाना माझ्याकडे बघत होते. भेटायला येणारे ते बहिरे असल्यासारखं ओरडून बोलायचे, नाहीतर त्यांच्या अंगावरून माझ्याशीच बोलायचे. एका ठिकाणी बोलण्याच्या व्यायामासाठी नेलं, तर पंधरा मिनिटांत सफरचंद, छत्री, मांजर अशी बालवाडीची चित्रं दाखवून झाली आणि कार्डं पेटीत गेली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मांजर. नानांनी तोंड भिंतीकडे केलं, ते घरी येईपर्यंत. आणि मी? मी त्यांचं प्रत्येक अडलेलं वाक्य घाईघाईनं पुरं करत होते. त्यालाच मी सेवा समजत होते.

याला वाचाघात म्हणतात हे मला नंतर समजलं. मेंदूच्या बहुतेकदा डाव्या बाजूला, भाषेच्या जागी इजा होते. कित्येकांना समोरच्याचं बोलणं समजत असतं, उत्तरही ठाऊक असतं, फक्त शब्द सापडत नाही. वेळ दिला तर पुष्कळदा सापडतो. एवढी साधी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती.

तुम्ही दारात सायकल लावलीत तेव्हा मला वाटलं, 'अनुदिनी' परत मागायला आलात. चार महिने ते पुस्तक नानांच्या उशाला होतं. मी दंडाचे पैसे काढायला उठले आणि तुम्ही नानांच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसलात. मग कोनाड्यातली कात्रणांची वही तुम्हाला दिसली.

त्या वहीबद्दल लिहायला हवं. दिलीप प्रभावळकर हा नानांचा जन्माचा विषय. १९७८ साली नाना दादरला आत्याकडे नोकरीच्या शोधात राहिले होते. खान्देशात तेव्हा दूरदर्शन दिसत नव्हतं. आत्याच्या चाळीत एकाच घरी टीव्ही, त्या घराच्या उंबऱ्यावर बसून त्यांनी 'चिमणराव' पाहिला. नोकरी मिळाली नाही, पण चिमणराव गावी घेऊन आले. तेव्हापासून वही. त्यात तात्या विंचू आहे, 'चौकट राजा'तला नंदू आहे, स्वतःच लिहिलेल्या 'हसवाफसवी'त सहा भूमिका करणाऱ्या या माणसाचे फोटो आहेत, मुन्नाभाईला दिसणारे गांधीजी आहेत आणि त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्काराची बातमी आहे. नाना म्हणायचे, अंगावर काटा आणणारा तो बाहुला आणि हे गांधीजी एकाच गळ्यातून कसे येतात ते मला कोणीतरी समजावून सांगा.

पण नानांचं खरं प्रेम प्रभावळकरांच्या लिहिण्यावर. अनुदिनी म्हणजे आबा टिपऱ्यांची रोजनिशी. आधी वर्तमानपत्रातलं सदर, मग पुस्तक, आणि २००१पासून 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका. आमच्या घरी त्या वेळेला कोणी दार वाजवलं तर नाना उठत नसत. दुसरीकडे 'बोक्या सातबंडे', दहा वर्षांच्या पोराच्या गोष्टी. एक म्हातारा, एक पोर. नानांनी एकदा मला म्हटलं होतं, "बघ, घरात ज्यांचं बोलणं कोणी शेवटपर्यंत ऐकत नाही, त्या दोघांनाच या माणसानं बोलायला लावलंय." मी तेव्हा भाजी निवडत होते. नुसतं "हं" म्हटलं.

तर त्या संध्याकाळी तुम्ही वहीचं पहिलं पान उघडलंत, फोटोवर बोट ठेवलंत आणि विचारलंत, "नाना, हाऊ कोन शे?"

नानांचे ओठ हलले. "चि... चि..." गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, शब्द माझ्या जिभेवर आलाच होता. तुम्ही माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. फक्त डावा हात मागे करून तळवा दाखवलात. थांबा. आणि नानांना म्हणालात, "नाना, घाई नही शे."

मग बशीत चहा ओतलात आणि सावकाश पीत बसलात. घड्याळ नाही, मोबाइल नाही. नानांच्या तोंडाकडे टक लावूनही बसला नाहीत, त्यानं त्यांची आणखी कोंडी झाली असती. बाहेर पिठाची गिरणी चालू होती, ती बंद पडली, तरी तुम्ही गप्प. किती वेळ गेला ते ठाऊक नाही, माझ्या पायाला मुंग्या आल्या.

आणि नाना बोलले. चिमणरावाचं नाव आलं नाही. ते म्हणाले, "माले माहीत शे."

चार महिन्यांनी आलेलं पहिलं वाक्य, आणि तेही अहिराणीत. आईशी ज्या बोलीत बोलायचे, तीच आधी परत आली. नोकरी लागल्यापासून घरात पुस्तकी मराठी बोलणारा माणूस हा. "काही कळत नाही" म्हणणाऱ्या सगळ्यांना, मलासुद्धा, मिळालेलं उत्तर होतं ते. तुम्ही बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "मंग! तुमले तं माहीतच शे." मी आत जाऊन पदरात तोंड घालून रडले. बाहेर तुम्ही पान उलटल्याचा आवाज आला.

मग तुम्ही दर शुक्रवारी येऊ लागलात. चिमणरावाचं नाव तिसऱ्या शुक्रवारी आलं. गुंड्याभाऊ झालेल्या बाळ कर्व्यांचं त्याच दिवशी, न विचारता. त्यानंतर तुम्ही बोक्याच्या गोष्टी आणल्यात. वाक्याच्या शेवटच्या शब्दापाशी थांबायचं आणि तो नानांनी द्यायचा. कधी देतात, कधी नाही. नाही दिला तर तुम्ही चिडत नाही, आणि "अरे वा, छान" असं लहान मुलाला म्हणतात तसंही म्हणत नाही. याचं मला फार वाटतं. नानांचं वय, त्यांची नाटकं, त्यांचा वाचनाचा मान, हे सगळं तुम्ही त्या खाटेवर तसंच राहू दिलंत. शिकल्या-सवरल्या, पदवीच्या पाट्या लावलेल्या माणसांना जे सुचलं नाही ते तुम्हाला कुठून सुचलं, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, वाचनालयात म्हातारी माणसं पुस्तकाचं नाव विसरून येतात, थोडं थांबलं की त्यांना आठवतं.

मी आता त्यांचं वाक्य पुरं करत नाही. जड जातं, पण ओट्याला धरून उभी राहते.

आमच्याकडून तुम्ही चहापलीकडे काही घेत नाही. या शुक्रवारी खापरावरचे मांडे करणार आहे, नाही म्हणू नका. बोक्याच्या तीन गोष्टी राहिल्यात. वहीचं एक पान सुटलंय, तुम्ही आल्यावर चिकटवायचं, तोवर डिंक आणून ठेव, असं नानांनी मला सांगितलंय.

हो भाऊ, नानांनी सांगितलंय.

तुमची,
नानांची थोरली